पाचवा चालू आहे म्हणजे नक्की कितवा आठवडा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत क्रूझवर जन्मलेल्या बाळाची हकीकत छापलीत ती वाचली. आमच्या भिशीत तोच विषय निघाला आणि पोहे येईपर्यंत सगळ्याजणींनी त्या बिचाऱ्या अमेरिकन बाईला फाडून खाल्लं. कशाला मेलीला अशा दिवसांत समुद्रावर जायचं, हौस ती केवढी, वगैरे. मी गप्प बसले कारण मी बोलले असते तर भिशी राहिली असती बाजूला. पण घरी आल्यावर राहवेना म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कापायचं तर कापा पण मधला आठवड्यांच्या हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

आधी मी कोण ते सांगते. ठाण्यात नौपाड्यात माझं छोटं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे, मी आणि एक मुलगी असे दोघीच. आधी अष्टविनायक, केरळ, काश्मीर असंच चालायचं, हल्ली मात्र लोक येऊन थेट क्रूझ विचारतात. सिंगापूरची, दुबईची, नाहीतर आपली मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारी. पंचविसावा वाढदिवस, रिटायरमेंट, सासू-सासऱ्यांची पन्नाशी, सगळं आता जहाजावर. चांगलं आहे, माझंही पोट त्यावर आहे. म्हणूनच तुमच्या लेखात जे नव्हतं ते सांगावंसं वाटलं.

तुमच्या लेखात बाळ किती गोड, जहाजावरचे लोक कसे रडले, त्याला आता आयुष्यभर फुकट क्रूझ मिळणार का आणि ते कुठल्या देशाचं नागरिक, हे सगळं होतं. फक्त ती बाई कितव्या आठवड्यात होती हे एका ओळीत उरकलंय, आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या एका ओळीतच आहे.

ती गोष्ट २०१५ ची, कॅरिबियन समुद्रातली. सात दिवसांची क्रूझ, बाई तेविसाव्या आठवड्यात, डॉक्टरांना विचारून गेलेली. म्हणजे भिशीतल्या बायका म्हणतात तसं नियम मोडून, लपवून वगैरे काही नाही. बोटीवर अचानक कळा सुरू झाल्या आणि जवळचं बंदर प्वेर्तो रिको, ते काही तास लांब. एक-दोन नाही, चौदा तास. बाळ झालं ते जेमतेम सातशे ग्रॅमचं. जहाजावर इन्क्युबेटर नाही. मग तिथल्या डॉक्टर-नर्सनी टॉवेल गुंडाळले, सलाइनच्या पिशव्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करून बाजूला ठेवल्या, सॅनिटरी पॅडसुद्धा वापरले, आणि कॅप्टनने जहाज जोरात पळवून बंदर लवकर गाठलं. बाळ वाचलं. वाचलं म्हणून आपण ही गोष्ट चहाबरोबर वाचतोय, नाहीतर कोणी छापलीही नसती.

माझी नणंद नवजात बाळांच्या आयसीयूत सिस्टर होती, आता रिटायर होऊन कळव्याला असते. तिला लेख वाचून दाखवला. फुकट क्रूझचं ऐकून ती हसली पण सातशे ग्रॅम म्हटल्यावर एकदम गंभीर झाली. म्हणाली, वहिनी, त्या वजनाचं पोर तळहातावर मावतं. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात, पापण्या कधीकधी चिकटलेल्याच असतात. फुप्फुसं फुगलेली राहायला आत एक चिकट पदार्थ लागतो, सर्फॅक्टंट म्हणतात त्याला, तो या वेळेला बाळाच्या अंगात जवळजवळ नसतोच, चौतीस-पस्तीस आठवड्यांपर्यंत हळूहळू पुरेसा होतो. म्हणून आधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, मग बाळाच्या श्वासनलिकेत औषध सोडतात, आणि ती नळी असते अडीच मिलिमीटरची, ती घालायला हात बसलेला माणूस लागतो. शिवाय बाळाचं अंग साडेछत्तीस ते साडेसदतीस डिग्रीत ठेवायचं, जरा गार पडलं की सगळं बिघडत जातं. ती म्हणाली त्या लोकांनी टॉवेल आणि सलाइनचं जे केलं ते डोकं चालवून केलं, ऊब हीच पहिली गोष्ट. आमच्याकडे तर आता आईच्याच छातीशी उघडं बाळ बांधतात, कांगारू केअर. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८-७९ च्या सुमाराला इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ते सुरू केलं आणि २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की कमी दिवसांच्या बाळांना जन्मल्याबरोबर हे सुरू करा. पण श्वासच घेता येत नसेल तर नुसत्या उबेवर किती वेळ काढणार, असं तिचं म्हणणं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. जवळजवळ सगळ्या मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम आहे की चोवीस आठवडे लागलेल्या बाईला घेत नाहीत. कोणी तेवीस पूर्ण म्हणतं, कोणी चोविसावा सुरू म्हणतं, थोडं इकडेतिकडे, पण रेघ तिथेच. लोकांना वाटतं हा नियम म्हणजे कंपनीला भानगड नको म्हणून, किंवा बाईला बोट लागेल, उलट्या होतील, पाय घसरेल म्हणून. तसं नाहीये. चोवीस आठवड्यांच्या आसपास बाळ बाहेर आलं तर जगण्याची थोडी आशा सुरू होते, आणि ती आशा खरी करायला जी यंत्रं आणि माणसं लागतात ती जहाजावर नसतात. म्हणून ती रेघ तिथे आहे, आईपेक्षा बाळासाठी. बाळंतपण काय, कुठेही होतं. आपल्या ठाणे स्टेशनावर होतं. स्टेशनातल्या वन रुपी क्लिनिक या दवाखान्याच्या डॉक्टरांनी प्लॅटफॉर्मवर बाळंतपण केल्याच्या बातम्या तुम्हीच किती वेळा छापल्यात. पण तिथून हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. समुद्रात ते हाकेचं अंतर म्हणजे चौदा तास.

गिऱ्हाईक मला नेहमी विचारतं की विमानाला तर छत्तीस आठवड्यांपर्यंत चालतं, सर्टिफिकेट दिलं की सोडतात, मग एवढं मोठं जहाज, त्यात हॉस्पिटल पण आहे म्हणता, तिथे चोवीसलाच का अडवतात. प्रश्न बरोबर आहे. विमान खाली उतरवता येतं. जून २०१७ मध्ये जेट एअरवेजच्या, सौदीतल्या दम्मामहून कोचीला जाणाऱ्या विमानात असंच बाळ झालं, वेळेच्या आधी, पस्तीस हजार फुटांवर. विमानात एक नर्स होती तिने आणि क्रूने मिळून सोडवणूक केली, विमान मुंबईकडे वळवलं, आणि बाई-बाळ अंधेरीच्या हॉस्पिटलात. जहाज ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरने जातं म्हणजे घोडबंदर रोडवर सिग्नल नसताना जेवढी रिक्षा जाते तेवढं, त्याला वळवून वळवून किती वळवणार. आणि हो, त्या विमानातल्या बाळाला जेटने आयुष्यभर फुकट प्रवास जाहीर केला होता आणि एप्रिल २०१९ मध्ये जेटच बंद पडली! फुकट क्रूझचं ज्यांना फार कौतुक आहे त्यांच्यासाठी सांगितलं.

जहाजावर हॉस्पिटल असतं हे खरंय. खालच्या कुठल्यातरी डेकवर मेडिकल सेंटर असतं, डॉक्टर असतात, नर्स असतात, ईसीजी, एक्सरे, व्हेंटिलेटर, छोटी लॅब. हार्ट अटॅक, फ्रॅक्चर, जुलाब यासाठी तयारी चांगली असते कारण प्रवासी बहुतेक वयस्कर. रक्त लागलं तर ब्लड बँक नसते, जहाजावरच्या क्रू आणि प्रवाशांमधूनच दाते शोधतात. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ म्हणून जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात शंभर किंवा जास्त माणसं आणि तीन दिवसांपेक्षा जास्त आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर डॉक्टर ठेवायलाच लागतो. डॉक्टर म्हणजे डॉक्टर, बाळांचा स्पेशालिस्ट असं कुठेच लिहिलेलं नाही. हेलिकॉप्टर येईल की, असं एक काका मला म्हणाले, सिनेमा बघून आलेले बहुतेक. येतं, पण त्याला अंतराची मर्यादा, हवामानाची मर्यादा, आणि रात्रीच्या वेळी हलत्या डेकवरून बाईला दोरीने वर खेचायचं म्हणजे काय ते विचार करा. लक्षद्वीपवरचे तिथले स्वतःचे गंभीर पेशंटसुद्धा हेलिकॉप्टरने कोचीला नेतात, आणि ती बेटं कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर. मग तिथे फिरायला गेलेल्या बाईसाठी काय वेगळं होणार.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. आपल्याकडे दिवस मोजायची पद्धत महिन्यांची. तिसरा संपला, पाचवा चालू आहे, सातव्यात डोहाळजेवण. क्रूझ कंपनी मोजते आठवडे, ते पण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही जहाजावर चढता त्या दिवशीचे आठवडे ते मोजत नाहीत, तुम्ही उतरता त्या दिवशीचे मोजतात. हे शंभरातल्या नव्वद जणांना माहीत नसतं. 'पाचवा चालू आहे' म्हणजे अठरावा आठवडा पण असू शकतो आणि बाविसावा पण, कारण कोणी पाळी चुकल्यापासून मोजतं, कोणी सोनोग्राफीच्या तारखेने, आणि सासूबाई आपल्या पंचांगाने.

एक हिशोब करून दाखवते. समजा शेवटची पाळी पंधरा जुलैला आली. गणपतीत घरात सगळे जमले, कोणीतरी म्हणालं चला ख्रिसमसला सिंगापूरची क्रूझ करू, अर्ली बर्डचा डिस्काउंट आहे. सूनबाईंना तेव्हा सहा-सात आठवडे झालेत. तिला माहीत आहे, नवऱ्याला माहीत आहे, बाकी कोणाला नाही कारण तीन महिने सांगायचं नसतं. ती तरी काय करणार, पंधरा माणसांसमोर नाही कसं म्हणणार. बुकिंग झालं, पैसे भरले. पंचवीस डिसेंबरला जहाजात चढताना तिचे होतात तेवीस आठवडे दोन दिवस. तिला वाटतं चोवीसच्या आत आहोत, बसलो नियमात. पाच रात्रींची क्रूझ, तीस तारखेला उतरणार, त्या दिवशी बरोबर चोवीस पूर्ण. म्हणजे बंदरावर फॉर्म भरताना खरं लिहिलं तर परत पाठवणार, सगळी वरात वर जाणार आणि ही दोघं बॅगा घेऊन खाली. खरं नाही लिहिलं तर पुढचं देवाच्या हातात.

म्हणून मी बुकिंगच्याच वेळी विचारते. अगदी नाइलाज म्हणून विचारते कारण हा प्रश्न विचारणं किती अवघड आहे ते ज्याचं त्यालाच ठाऊक. नवीन लग्न झालेली मुलगी समोर, बाजूला सासू-सासरे, मी काय विचारू, काही गोड बातमी आहे का? सुरुवातीला असं विचारलं की सासूबाई खूश होऊन मुलीकडे बघायच्या आणि मुलगी मला डोळ्यांनी जाळायची. एका बाईंनी तर स्पष्ट सुनावलं की आम्ही तिकीट काढायला आलोय, पत्रिका दाखवायला नाही. आता मी काय करते, फॉर्मचा एक कागद सगळ्या बायकांना देते, वय वर्षं अठरा ते पन्नास सरसकट, त्यात लिहिलंय की या क्रूझच्या परतीच्या तारखेला चोवीस आठवडे होण्याची शक्यता असेल तर मला एकटीला फोन करा, कोणाला कळणार नाही. फोन येतात. रात्री दहानंतर, बाथरूममधून हळू आवाजात. अशा एकीची तारीख आम्ही सासऱ्यांच्या ऑफिसच्या सुट्टीचं कारण काढून नोव्हेंबरात आणली आणि घरच्यांना अजून पत्ता नाही.

आता या धंद्यातल्या लोकांबद्दल बोलायचं तर बोलते, राग आला तरी चालेल. क्रूझ विकताना आम्ही काय सांगतो? बुफेत जैन मिळेल, गुजराती मिळेल, कॅसिनो आहे, वॉटर स्लाइड आहे, बाल्कनी केबिन घ्या व्ह्यू छान आहे. गर्भवतींचा नियम कुठे असतो? अठ्ठावीस पानांच्या इंग्रजी टर्म्स अँड कंडिशन्समध्ये कुठेतरी, आणि त्याच्याखालची टिकमार्क गिऱ्हाईक करतच नाही, एजंटच करून टाकतो. खारघरच्या एका जोडप्याची गोष्ट मला माहिती आहे, तिकीट दुसरीकडून काढलेलं, त्यांनी एजंटला सांगितलं होतं की ती गरोदर आहे, तो म्हणाला काही होत नाही, सैल कुर्ता घाला. परदेशातल्या बंदरावर हेल्थ फॉर्मच्या काउंटरला डॉक्टरचं पत्र मागितलं, पत्रात तारखेचा हिशोब निघाला, आणि दोघांना गँगवेवरून, म्हणजे जहाजात चढायच्या पुलावरून, परत. हॉटेल नाही, परतीचं तिकीट पाच दिवसांनंतरचं, केबिनचे पैसे गेले, आणि ती मुलगी तिथे टर्मिनलच्या बाकावर रडत बसलेली. एजंटचा फोन स्विच ऑफ. तरी मी म्हणेन त्यांना अडवलं हे बरं झालं, पण हे इथे तिकीट काढतानाच कळायला हवं होतं ना.

आणि नेहमी येणारं दुसरं वाक्य, आमच्या वेळी बायका बोटीनेच बाळंतपणाला माहेरी जायच्या, काय झालं त्यांना. जायच्या हो. माझी आजीपण भाऊच्या धक्क्यावरून कोकणात गेलेली. पण ती आगबोट किनारा धरून जायची, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड असं करत, पडाव म्हणजे छोट्या होड्या येऊन माणसं उतरवायच्या, आणि रात्रभरात कुठलं ना कुठलं बंदर आलंच. शिवाय त्यातल्या कितीजणींना वाटेत झालं आणि त्या पोरांचं पुढे काय झालं ते कोणी लिहून ठेवलंय? घरोघरी जगलेल्यांच्याच गोष्टी सांगतात. समुद्रात पोरं जन्मली हे काही नवीन नाही, १६२० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेला गेलेल्या मेफ्लॉवर जहाजावर एक मुलगा भर समुद्रात झाला, त्याचं नावच ओशनस ठेवलं, दुसरा पलीकडे पोचल्यावर नांगर टाकलेल्या जहाजात. ओशनस लहानपणीच गेला असं वाचलंय.

बरं, बाईला माहीतच नव्हतं असं पण होतं, आणि ते प्रत्येक वेळी खोटं नसतं. बर्लिनमधल्या डॉक्टरांनी अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापून आला, त्यात साधारण ४७५ बाळंतपणांमागे एका बाईला वीस आठवड्यांपर्यंत आपण गरोदर आहोत हे कळलेलंच नव्हतं, आणि अडीच हजारांत एकीला थेट कळा येईपर्यंत. पाळी मुळातच अनियमित, वजन जास्त, किंवा चाळिशी उलटली म्हणून पाळी जातेय असं वाटलं. तेव्हा अशी बातमी आली की लगेच बाईच्या चारित्र्यावर आणि अकलेवर बोलू नये, एवढं तरी आपण शिकावं. आणि ज्यांना माहीत असतं, तब्येत ठणठणीत असते, त्यांनाही वेळेआधी कळा येऊ शकतात. डब्ल्यूएचओच्या आकड्यांप्रमाणे २०२० मध्ये जगात १ कोटी ३४ लाख बाळं सदतीस आठवड्यांच्या आधी झाली, त्यातली तीस लाखांच्या वर एकट्या भारतात. त्या सगळ्या आया काय क्रूझवर होत्या?

आता नागरिकत्वाचं, कारण तुमच्या लेखात ते फार गुंतागुंतीचं करून टाकलंय. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात साधं लिहिलंय की नोंदणी असलेल्या जहाजावर किंवा विमानात जन्म झाला तर ज्या देशात त्याची नोंदणी आहे तिथे जन्म झाला असं धरायचं. क्रूझ जहाजं बहुतेक बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा असल्या ठिकाणी नोंदवलेली असतात, टॅक्ससाठी. म्हणून काही बाळ बहामाचं नागरिक होत नाही, तिथे नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही. भर समुद्रात परदेशी झेंड्याच्या जहाजावर जन्मलं तर जहाज मायामीहून सुटलं म्हणून अमेरिकनही होत नाही. भारतीय आईबापांचं बाळ असेल तर वंशाने भारतीय, पण त्यासाठी भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत नोंद करायला लागते. आणि रोजच्या व्यवहारातली अडचण वेगळीच, बाळाला पासपोर्ट नाही. जहाज ज्या देशात उतरवेल तिथे आईबापांचा व्हिसा आठ दिवसांचा आणि बाळ आयसीयूत दोन-तीन महिने, हे कोण बघणार? खर्च कोण देणार? बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्स गरोदरपण आणि बाळंतपण वगळतात, काही पॉलिसीत ठरावीक आठवड्यांपर्यंतची कॉम्प्लिकेशन धरतात पण जन्मलेल्या बाळाचा खर्च त्यात येईलच असं नाही. पॉलिसी घेताना हा एकच प्रश्न लेखी विचारा, बाळाचा आयसीयू खर्च धरता का. गप्प होतात समोरचे.

आपल्याकडच्या नोंदणीचं एक मात्र मला फार आवडतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत आहे की चालत्या वाहनात जन्म झाला तर ते वाहन ज्याच्या ताब्यात असेल त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी कळवायचं, आणि वाहन म्हणजे काय याची यादी दिलीय, विमान, होडी, जहाज, रेल्वेचा डबा, मोटार, मोटारसायकल, गाडा आणि चक्क रिक्षा. कोणीतरी ठाण्याचाच माणूस बसला असणार तो नियम लिहायला.

तर माझं म्हणणं क्रूझ बंद करा असं अजिबात नाही. बायकांनी घरात बसा असं तर नाहीच नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात उलट्या थांबलेल्या असतात, अंग हलकं असतं, डॉक्टर हो म्हणाले आणि परतीची तारीख वीस-एकवीस आठवड्यांच्या आत असेल तर खुशाल जा, फिरा, बुफे खा. एक करा, बंदरापासून लांब जाणारी सेलिंग घेऊ नका, रोज कुठेतरी लागणारी घ्या. जुळी असतील, आधी लवकर बाळंतपण झालेलं असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असेल तर वीस आठवडेही जास्त आहेत, तिथे एजंटचं नाही, तुमच्या डॉक्टरचं ऐका.

मागणी आहे ती आम्हा तिकीट विकणाऱ्यांकडून आणि आमच्यावर देखरेख ठेवणाऱ्यांकडून. क्रूझच्या प्रत्येक पावतीवर मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन ओळी छापा: परतीच्या दिवशी चोवीस आठवडे होत असतील तर चढता येणार नाही, आणि या जहाजावर नवजात बाळांचा आयसीयू नाही. बस्स. 'अमुक डिस्काउंट फक्त आजच' हे जेवढं मोठं छापता तेवढंच मोठं. जेएनपीटीपासून मांडव्यापर्यंत, बेलापूर, भाऊचा धक्का, घारापुरी, या आपल्या जवळच्या बोटींवरसुद्धा तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर ठळक लावा, समुद्रात अडचण आली तर कोणाला फोन करायचा हे अर्ध्या प्रवाशांना माहीत नसतं, ते १०० लावत बसतात.

आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी आली की गोंडस फोटोच्या शेजारी एवढी चौकट टाका, शेवटच्या पाळीपासून परतीच्या तारखेपर्यंतचे आठवडे कसे मोजायचे त्याची. कॅलेंडर तर तुम्ही दर वर्षी फुकट वाटताच.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे
(नाव छापू नये, भिशी अजून चालू आहे.)

ता.क. बुकिंगनंतर दिवस राहिले असतील तर लपवू नका, घाबरू पण नका. बऱ्याच क्रूझ कंपन्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलं की अशा वेळी पैसे परत देतात किंवा पुढच्या सेलिंगला धरतात, मात्र बंदरावर जाऊन सांगितलं तर काहीच मिळत नाही. विमानाच्या तिकिटाचं वेगळं असतं, ते एजंटकडून लेखी घ्या. तोंडी नको, कारण फोन स्विच ऑफ होतो.